मुनीर सरांचं मैदान

मनगटावर तो पावलं मोजणारा काळा पट्टा बांधल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी आमच्या शाळेतला सगळ्यात जास्त चालणारा शिक्षक ठरलो. ज्यांनी मला पाहिलंय त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. मी मराठी शिकवतो. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी स्कूटरवर जातो. जिना चढताना मध्यावर थांबून भिंतीवरचे सुविचार वाचतो. ते सगळे मीच लिहिलेले आहेत, तरी वाचतो. अशा माणसाचं नाव प्रार्थनेच्या वेळी पुकारलं गेलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पोट आत ओढून सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, असेल बाबा. माणसाचं स्वतःकडं लक्ष नसतं. चालत असू आपण.

प्रार्थना संपल्यावर मुनीर सर शेजारी येऊन उभे राहिले. समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, काल आरतीला टाळ तुमच्याकडं हुते काय?"

गणपतीचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे टाळ माझ्याकडंच होते. आणि माझ्या हाती टाळ आले की मी आरत्या संपल्या म्हणून थांबत नाही, प्रसाद वाटून होईपर्यंत वाजवतो.

"हाताचं हलणं पट्ट्याला पायाचं वाटतंय," सर म्हणाले. "जाऊ द्या, कुणाला सांगत न्हाय. पण आज आरतीला निघताना पट्टा काढून ठेवा."

त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. मीच घरी सुनंदाला, म्हणजे बायकोला सांगितलं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी ते गल्लीला माहीत होतं.

मुनीर सर आमचे खेळाचे शिक्षक. मूळचे ईट गावचे, पण नोकरीला लागल्यापासून आमच्याच गावात. आमचं गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, तुळजापूरच्या अलीकडं. शाळेची इमारत आत आहे आणि रस्ता आणि इमारत यांच्या मधोमध मैदान. होतं, म्हणायला पाहिजे. माझं व्याकरण या एका वाक्यात अजून चुकतं.

सर उंच, काटकुळे. डोक्यावर धुवून धुवून पिवळी पडलेली पांढरी टोपी आणि मैदानावर पायात काही नाही. कुणी चप्पल घालून मैदानात आलं, मग तो संस्थेचा अध्यक्ष का असेना, तर सर त्याला काही बोलत नसत. नुसते त्याच्या पायांकडं बघत राहत. ते बघणं असं होतं की माणूस बोलता बोलता आपोआप कडेला सरकायचा. पोरं अनवाणी खेळतात म्हणून सर रोज शाळा भरायच्या आधी वाकून सगळं मैदान वेचायचे. सराटे, बाभळीचे काटे, काचेचे तुकडे. वेचलेलं सगळं शर्टाच्या खिशात. सराटा फेकला तर जिथं पडेल तिथं परत उगवतो, म्हणून ते घरी नेऊन चुलीत घालायचे. आणि खिशात विसरले की ते कपडे धुताना भाभींच्या हाताला लागायचे.

"सबके मर्दां बाजारसे भाजी लाते," भाभी एकदा सुनंदाला म्हणाल्या होत्या, "हमारे काँटे लाते."

गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली क्वचित ऐकली. "शिट्टी जनावराला," सर म्हणायचे. "पोराला नावानं हाक मारायची." आणि त्यांना सगळ्या शाळेची नावं पाठ. नुसती पोरांची नव्हे, त्यांच्या बापांचीही, कारण बरेचसे बाप त्यांच्याच हाताखाली लंगडी घालून गेलेले. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर चेंडूंची पिशवी बसायची. सर चहासुद्धा दारात उभं राहून, मैदानाकडं तोंड करून प्यायचे. मी बसा म्हणालो की म्हणायचे, "बसलेलं पोर म्हंजी साचलेलं पाणी, मास्तर. शेवाळ धरतंय." माझं वय आणि घेर बघता हे पोरांबद्दलच आहे, असं मी धरून चालायचो.

मारणं तर सोडाच, रागावणंही त्यांना जमायचं नाही. कुणी खोटं बोलतोय असं वाटलं की म्हणायचे, "जा, मैदानाला एक चक्कर मारून ये, मग सांग." पोरगं निघायचं. पहिल्या कोपऱ्यापर्यंत ऐटीत, दुसऱ्या कोपऱ्यावर मान खाली, आणि परत येईतो खरं काय ते ओठावर आलेलं असायचं. हा उपाय मी एकदा माझ्या वर्गातल्या एकावर केला. तो चक्कर मारायला गेला तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला.

टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यात आधी सरांना काहीतरी बिघडलेलं दिसलं. आम्ही म्हणत होतो, पोरं पाढे विसरली, लिहायची विसरली. सर म्हणाले, "पोरं पळायची विसरलीत." एका चकरेत धापा टाकत होती. मधल्या सुट्टीत मैदानात उतरण्याऐवजी भिंतीला पाठ लावून बसायची. घरी मोबाइल, शाळेत मोबाइलच्या गोष्टी. त्यात खेळाचा तास हा शाळेतला गरीब नातेवाईक. गणिताचा धडा राहिला, घ्या खेळाचा तास. इंग्रजीची चाचणी आहे, घ्या खेळाचा तास. सर कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त पोरं वर्गात वळली की रिकाम्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारत बसायचे, न खेळल्या गेलेल्या खेळाच्या.

मग ते पट्टे आले. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं समाजकार्य म्हणून जिल्ह्यातल्या काही शाळांना दिले, पोरांबरोबर शिक्षकांनाही. पोरानं पट्टा दिवसभर हातात घालायचा, दर शनिवारी शाळेतल्या टॅबजवळ धरायचा, की आठवड्याभराची पावलं टॅबमध्ये उतरायची. टॅबमध्ये एक उंदीर होता. पोरं जितकी चालतील तितका तो पळायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ज्या शाळेची पोरं सगळ्यात जास्त हिंडतील, तिचं मैदान कंपनी करून देणार होती. चारी बाजूंनी भिंत, पळायला धावपट्टी, कडेला झाडं.

दुसऱ्या शाळांना ते बक्षीस होतं. आम्हाला ते मैदानच वाचवायचं साधन होतं. कारण रस्ता रुंद झाला होता, आणि रस्ता रुंद झाला की रस्त्याकडेच्या जमिनीला डोळे फुटतात. संस्थेच्या बैठकीत मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. हेडसर माणूस वाईट नव्हते. त्यांनी मुनीर सरांना दारं लावून सांगितलं, "आपला नंबर आला, कंपनीची भिंत एकदा उभी राहिली, त्यांचा फलक लागला, की मग अध्यक्षांना तिथं हात घालता येणार नाही. नाही आला, तर उन्हाळ्यात पाया खोदायला घेतील. माझ्या हातात याहून जास्त नाही."

सरांच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही तर पुढच्या वर्षी घरी. कशाला जिवाला लावून घेता?"

"मी जातोय वो घरी," ते म्हणाले. "मैदान कुठं जातंय?"

टॅबमधला तो उंदीर सरांना काही पटला नाही. पण पट्ट्याला त्यांनी स्वतःचा नियम लावला. पाच-पाच पोरांचे गट केले, आणि गटात ज्याची पावलं सगळ्यात कमी, तोच आकडा गटाचा. भिंतीवर तक्ता लावला, शनिवारी त्यावर खडूनं गटांची नावं वरखाली व्हायची. पळणाऱ्याला आणखी पळून उपयोग नव्हता. जो बसलाय त्याला उठवल्याशिवाय गट हलत नव्हता.

आठवीत समाधान नावाचा मुलगा होता. नावाप्रमाणं कशातच घाई नाही. त्याच्या गटाची म्होरकी कोमल. चुणचुणीत, काटक, बोलायला फटकळ. पहिल्या शनिवारी तिचा गट तक्त्याच्या तळाला गेला, आणि रविवारी सकाळी चौघं समाधानच्या दारात.

"काकू, समाधानला सोडा."

"आरं, त्यो जेवतोय."

"मघाशी आलो तवाबी जेवतच हुता."

"त्यो मघाचा नाष्टा."

"मग जेवू द्या," कोमल म्हणाली. "आमी इथंच हाय. पण काकू, त्याच्यापायी आमी समदी खाली गेलोत, हे त्याच्या कानावर घाला."

समाधान आठवडाभर त्या चौघांच्या मधे कैद्यासारखा चालला. दुसऱ्या आठवड्यात जरा बोलत चालला. महिन्यानं मैदानावर आट्यापाट्यात तो पाटी धरून उभा राहिलेला मी बघितला, आणि त्याच्या बगलेतनं कुणाला निसटता येत नव्हतं. रुंदीचा उपयोग असतो, हे बघून मलाही बरं वाटलं.

हळूहळू मैदान पुन्हा वाजायला लागलं. माझ्या वर्गाच्या खिडकीतनं तो आवाज यायचा आणि मी केवलप्रयोगी अव्ययं शिकवताना आवाज चढवायचो. शेवटी शनिवारचा माझा तास मी सरांना देऊन टाकला. व्याकरणाची आठवण एकाही पोरानं काढली नाही.

त्याच सुमाराला सरांच्या एक गोष्ट लक्षात आली. टॅबवर पावलं तासांप्रमाणं दिसायची. कोमलची पहाटेची पावलं फार असायची. दिवस उजाडायच्या आधी ही पोरगी चालते तरी कुठं? सरांनी विचारलं तर ती म्हणाली, "कुठं न्हाय सर. भाकरी करती." आई रानात लवकर जायची. घरच्या सगळ्यांच्या भाकरी कोमलकडं. थापताना हात हलायचा आणि पट्टा ती पावलं म्हणून मोजायचा.

सरांनी टॅब खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, हे काम हाय. आपण खेळ मोजतोय." आणि त्यांनी ती पावलं तिच्या आकड्यातनं वजा केली.

कोमल वजाबाकी बघत उभी राहिली. "सर," ती म्हणाली, "मग माझं काय उरतच न्हाय."

हे त्यांच्या फार आत गेलं. घरी गेल्यावर मुलीला खेळायला वेळ नाही, मग शाळेतच मिळाला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून शेवटचा तास त्यांनी हेडसरांकडं अक्षरशः हात जोडून मुलींसाठी मागून घेतला. त्या तासाला मैदानात एकही मुलगा पाय ठेवायचा नाही. कोमल खो-खोत खांबाला अशी वळायची की तिच्या वेण्या मागं राहिल्यासारख्या वाटायच्या. सर कडेला फक्कीचं घमेलं घेऊन उभे असत, आणि त्या माणसाच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मराठीचा शिक्षक असून.

नवरात्र झालं. बेंबळीकडची एक शाळा पुढं होती, आम्ही तिच्या मागं. अंतर थोडं होतं, पण दिवसही थोडेच होते. पोरांना सगळं माहीत होतं. गाळ्यांचं, भिंतीचं, उन्हाळ्याचं. लहान गावात पोरांपासून काही लपत नाही, कारण आपण त्यांच्यासमोरच बोलतो.

आणि कोजागिरी आली. त्या वेळी आमच्या गावावरनं रस्ता माणसांनी वाहतो. सोलापूरकडनं, कर्नाटकातनं बायाबापडे अनवाणी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला चालत जातात. गावोगावी त्यांना पाणी, चहा, केळी देतात. आमच्या शाळेची पोरंही दरवर्षी पाणी द्यायला रस्त्यावर उभी राहतात. त्या वर्षीही राहिली. फरक एवढाच झाला, की पाण्याच्या पेल्याबरोबर त्यांनी चालणाऱ्यांच्या हातात आपले पट्टे बांधले.

डोकं कोमलचं. तुळजापुरात तिच्या आत्याचं कुंकवाचं दुकान आहे. "मावशी, एवढं हातात बांधा आणि तुळजापुरात महाद्वाराजवळ आमच्या आत्याच्या दुकानात द्या," एवढंच त्यांनी सांगायचं ठरवलं होतं. पण कुणालाच जास्त सांगावं लागलं नाही. शाळेच्या गणवेशातली पोरं देवीच्या वाटेवर पाणी पाजतायत, हाताला काळा पट्टा बांधतायत, म्हणजे तो देवीचा गंडाच असणार. लोकांनी हात पुढं केले. बांधून घेतल्यावर पट्टा कपाळाला लावला. समाधाननं पट्टा बांधलेल्या एका आजीनं तर त्याच्याच पायाला हात लावला, आणि समाधान घाबरून आत्याच्या दुकानाचं सांगायचंच विसरला.

शनिवारी टॅबमध्ये आकडे उतरले. टॅबमधला उंदीर सुसाट सुटला. आम्ही बेंबळीकडच्या शाळेच्या पुढं, आणि एवढे पुढं की आता गाठणं शक्य नाही. हेडसरांनी पेढे मागवले.

मुनीर सर मात्र पोरांची मनगटं बघत होते. काही मनगटं रिकामी होती. समाधानचंही रिकामं होतं. "पट्टा कुठं हाय?" समाधान म्हणाला, हरवला. सर म्हणाले, "जा, मैदानाला एक चक्कर मारून ये."

समाधान अर्ध्यातच रडायला लागला. कोमल पळत त्याच्याकडं गेली, आणि दोघं परत आली ती सगळं सांगतच आली. काही पट्टे आत्याच्या दुकानात पोहोचलेच नव्हते. देवीचा गंडा म्हणून लोक ते तसेच बांधून आपापल्या गावी गेले होते.

"तुमच्यासाठीच केलं, सर," कोमल म्हणाली. "मैदानासाठी."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग टोपी काढून हातात घेतली आणि ते स्वतः मैदानाच्या कडेनं चालायला लागले. मी खिडकीतनं बघत होतो. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. वाटलं, आनंदानं फिरतायत.

हेडसरांच्या खोलीत मी पेढा खायला गेलो होतो. मला साखर आहे, त्यामुळं दुसऱ्याच्या आनंदात मी नेहमी घाईनं सहभागी होतो. अख्खा पेढा तोंडात टाकला आणि तेवढ्यात मुनीर सर आत आले. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मला तो पेढा गिळता येईना आणि थुंकताही येईना.

हेडसर उठले, दार लोटून आले. "कुणाला कळणार आहे, सर?" ते म्हणाले. "आणि खोटं तरी काय आहे? पावलं तर खरीच आहेत. कुणीतरी चाललंच आहे की. देवीच्या वाटेवर चाललंय. त्यात पाप कसलं?"

"म्हनूनच, साहेब," मुनीर सर म्हणाले. "ती पावलं देवीची हायती. लोकांनी तिच्या नावानं चाललेली. आपण त्यातनं उचलली."

"मैदान जाईल, सर."

"जाईल."

"तुम्ही आयुष्य घातलंत तिथं."

"व्हय. पण मी पोरान्ला तिथं काय शिकवलं मग? बाद झालेल्यानं आपलं आपण भाईर यायचं. पंचानं बघितलं नसलं तरी." त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट असा खाली गेला होता की ऐकायला पुढं वाकावं लागत होतं. "त्या पोरीची भाकरी म्या वजा केली, साहेब. तिची सोताच्या हाताची मेहनत. मग हे कसं ठेवू?"

 पेढ्यांचा खोका उघडाच राहिला. पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना फोन सरांनीच लावला, आणि चूक पोरांची म्हणून नाही, स्वतःची म्हणून सांगितली. लक्ष ठेवायचं काम माझं होतं, म्हणाले. मॅडमना फार वाईट वाटलं. पण नियम नियम होता. शाळा स्पर्धेतनं बाद झाली.

सोमवारी पट्टे गोळा करून परत पाठवले. पोरं मैदानात उतरली ती गप्प, मयतीला आल्यासारखी. कोमल तर वर्गातच बसून राहिली होती. सर वर्गाच्या दारात गेले. "कोमल अंकुश," त्यांनी बापाच्या नावासकट हाक मारली. "खांबापाशी कोण वळणार? मी?" ती डोळे पुसत आली. रोजच्यासारखी फक्कीची रेघ मारलेली होती. सर म्हणाले, "आज कुणाला मोजायचं न्हाय. पळा."

आणि पोरं पळाली. त्या दिवशीसारखी पळालेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

उन्हाळ्यात पाया खोदला. सुट्टी होती, तरी सर रोज सकाळी यायचे. कामगारांना पाणी कुठं मिळेल ते दाखवायचे. एक दिवस मी गेलो तर यंत्रानं उकरलेल्या मातीच्या ढिगाजवळ ते वाकून काही वेचत होते. मी म्हटलं, "सर, आता कशाला?" ते जरा ओशाळले. "सवय वो," म्हणाले. "ही माती कुठंतरी पडंल. तिथंबी पोरं असतील."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ वर्गात झाला, कारण बाहेर जागा नव्हती. इमारत आणि गाळ्यांची पाठभिंत यांच्यामधे एक बोळ उरला आहे. तिथं आता सायकली लावतात. खेळाचा तास वेळापत्रकात आहे. त्या तासाला पोरं वर्गात बसून बुद्धिबळाचं पुस्तक वाचतात.

सर गेले गेल्या हिवाळ्यात. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. त्यांना ईटला नेलं. कोमल आता धाराशिवला नर्सिंग शिकते. ती आली होती, समाधान आला होता, आणि पोरांची अशी गर्दी होती की ईटच्या लोकांनी विचारलं, हे कोण होते म्हणून. भाभी सुनंदाचा हात धरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "कपडे धो के डाली थी. सूखे भी नहीं."

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी दोनेक महिने. सुनंदाला ब्लाउजसाठी अस्तर हवं होतं, आणि ते त्या गाळ्यांतल्या एका दुकानात मिळतं. ती रंग जुळवत होती, मी काउंटरवर टेकून उभा होतो. काचेतनं बाहेर फरशीवर लावलेल्या मोटारसायकली दिसत होत्या. मुनीर सर रस्त्याकडनं येत होते. हातात पाव आणि दुधाची पिशवी. चप्पल होती पायात, वाळलेले दिसत होते. त्यांना आम्ही दिसलो नाही.

गाळ्यांच्या समोरनं ते सरळ चालत आले, आणि एका मोटारसायकलीपाशी थांबले. तिच्या सीटवर तळवा टेकला, आणि तिला वळसा घालून आल्या दिशेनं परत फिरले. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा माणूस, तोल सावरला. पण त्या जागी खो-खोचा खांब होता. मला ठाऊक होतं. शेजारी बघितलं तर सुनंदाच्या हातातलं कापड तसंच राहिलं होतं.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर तीन पोरं एका मोबाइलवर वाकून बसली होती. नवी पोरं, सर त्यांना शिकवायला नव्हते. सर त्यांच्या मागं जाऊन वाकले.

"काय चाललंय रं?"

"गेम हाय, आजोबा. ह्यो बघा माणूस. पळतोय."

सरांनी नीट बघितलं. टोपी मागं सारून, डोळे बारीक करून, जसे ते मैदानावर एखाद्या पोराची चाल बघायचे. "लई पळतोय की रं. दमत न्हाय व्हय?"

"न्हाय. ह्याला दमच लागत न्हाय."

"कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय."

"मग त्येला काय मजा," सर म्हणाले. त्या पोराच्या पाठीवर हलकेच थाप मारली, पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि घराकडं चालू लागले. पोरांनी वर बघितलं नाही.

सुनंदानं अस्तर न घेताच पिशवी उचलली. स्कूटरकडं न बघता ती घराकडं पायीच चालू लागली. मीही स्कूटर हातानं ढकलत तिच्याबरोबर चाललो. दार उघडताना ती म्हणाली,

"दुकानं काय हो, कुठंही झाली असती."